वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी: लंडनला येणाऱ्या पाहुण्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे मे ते सप्टेंबर हा पाहुण्यांचा मोसम. लंडनजवळ घर असलं की तो चुकत नाही. प्रत्येकाच्या यादीत "ते राणीचं चर्च" असतंच, आणि ते दाखवायला नेणं माझ्याकडे. ट्रेनमध्ये बसल्यावर विचारले जाणारे प्रश्नही आता ठरलेले आहेत. म्हणून एकदाचे लिहून काढले.

हे चर्च नक्की कुठलं? नाव ऐकून गोंधळ होतो.

होतोच. 'वेस्टमिन्स्टर' नावाच्या तीन मोठ्या इमारती इथे पायी अंतरात आहेत. वेस्टमिन्स्टर पॅलेस म्हणजे पार्लमेंट, बिग बेनवालं. वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल म्हणजे व्हिक्टोरिया स्टेशनजवळचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथलिक चर्च. आणि पार्लमेंटच्या समोर रस्ता ओलांडला की दिसते ती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी. आपल्याला तिथे जायचं आहे. आमच्या एका काकांनी तिकीट अ‍ॅबीचं काढलं आणि रांग कॅथीड्रलसमोर शोधत बसले. रांग नाही म्हणून ते खूशही होते.

ट्यूबने वेस्टमिन्स्टर स्टेशनला उतरा (ज्युबिली, डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल लाइन) आणि पार्लमेंट उजवीकडून डावीकडे निरखत पाच मिनिटं चाला.

राजघराण्याचं चर्च म्हणजे काय? राजा तिथे प्रार्थनेला येतो का?

रोज येत नाही. पण हे चर्च थेट राजाच्या अखत्यारीत आहे. इंग्लंडमधली बहुतेक चर्चेस कुठल्या ना कुठल्या बिशपच्या हाताखाली असतात, अ‍ॅबी मात्र कुठल्याच बिशपला बांधील नाही. इथला मुख्य धर्मगुरू, ज्याला डीन म्हणतात, तो सरळ राजसत्तेला उत्तर देतो. पहिल्या एलिझाबेथने १५६० मध्ये ही व्यवस्था लावून दिली. त्याआधी इथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेऊन देशभरचे मठ मोडले, त्यात १५४० मध्ये हाही गेला. इमारत मात्र वाचली, कारण आत राजांच्या समाध्या होत्या. स्वतःच्या बापाची समाधी कोण पाडेल?

दुसरं म्हणजे राज्याभिषेक. १०६६ च्या नाताळच्या दिवशी विल्यम द कॉन्कररला इथे मुकुट चढवला गेला, आणि तेव्हापासून ही प्रथा इथेच चालत आली आहे. ६ मे २०२३ ला तिसऱ्या चार्ल्सचा अभिषेक झाला तोही इथेच.

इमारत किती जुनी? आणि गॉथिक म्हणजे नेमकं काय?

पहिलं मोठं चर्च एडवर्ड द कन्फेसर या राजाने बांधलं. २८ डिसेंबर १०६५ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा राजा आजारी होता, त्यामुळे तो हजर राहू शकला नाही, आणि आठवड्याभरात गेलाच. पुढे त्याला संत ठरवण्यात आलं. आज दिसतं ते चर्च मात्र तिसऱ्या हेन्रीचं. एडवर्ड हे त्याचं आराध्यदैवत. फ्रान्समध्ये रीम्स, आमियाँ, पॅरिसची सँत शापेल अशी उंचच उंच देवळं उभी राहत होती. आपल्या संतालाही तसंच देऊळ हवं म्हणून त्याने १२४५ मध्ये जुनं चर्च पाडायला घेतलं.

आता गॉथिक. आधीच्या इमारतींत कमानी अर्धगोल असत आणि छताचा भार पेलायला भिंती जाडजूड ठेवाव्या लागत. गॉथिक कारागिरांनी कमानीला टोक काढलं. टोकदार कमानीतून भार बाजूला कमी आणि खाली जास्त जातो. छताला दगडी फासळ्या दिल्या, म्हणजे वजन ठरावीक खांबांवरच उतरतं. तरीही जो रेटा बाहेर जातो त्याला थोपवायला भिंतीच्या बाहेरून दगडी टेकू दिले, पडायला आलेल्या मांडवाला आपण बांबू लावतो तसे. एवढं झाल्यावर भिंतीला फारसं काम उरत नाही, आणि तिथे काच बसवता येते. अ‍ॅबीचं छत सुमारे ३१ मीटर उंच आहे, रुंदीच्या जवळजवळ तिप्पट. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते ती त्या प्रमाणामुळे.

हेन्री १२७२ मध्ये वारला आणि काम अर्ध्यावर थांबलं, ते शंभर वर्षं. १३७६ मध्ये पुन्हा सुरू झालं तेव्हा फॅशन बदललेली होती. पण हेन्री यव्हेल या गवंड्यांच्या मुख्याने शहाणपणा केला: स्वतःची नवी शैली न आणता जुन्यासारखंच पुढे बांधलं. जोड शोधायचा असेल तर कमानींच्या वरच्या भिंतीकडे बघा. जुन्या भागात दगडावर चौकटीचौकटीत बारीक फुलं कोरलेली आहेत, नव्या भागात तो खर्च वाचवलाय. पाहुण्यांत लहान मुलं असली की मी त्यांना हेच शोधायला लावतो. वीस मिनिटं शांतता मिळते.

आणि फोटोत दिसणारे ते दोन पांढरे मनोरे? ते निकोलस हॉक्समूरच्या आराखड्याचे, पूर्ण झाले १७४५ मध्ये. म्हणजे ज्या बाजूवरून अ‍ॅबी जगाला ओळखू येते ती बाजू त्या मानाने बरीच नवी.

तिकीट किती? आधी काढावं का?

मोठ्यांचं तिकीट ३० पौंडांच्या आसपास असतं. दर वाढत राहतात, म्हणून अ‍ॅबीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघूनच काढा आणि वेळेसकट आधी काढा. ऑडिओ गाइड त्यातच येतो. रुपयांत हिशेब करू नका, नाहीतर आत प्रत्येक खांबापाशी "वसूल झाले का" हाच विचार येतो. रविवारी पर्यटकांना प्रवेश नाही. एखाद्या खास समारंभासाठी मधल्या वारीही बंद असू शकतं. राष्ट्रप्रमुख, विवाह, अंत्यविधी यापुढे तुमच्या तिकिटाची मातब्बरी नाही.

फुकटात बघता येत नाही का?

बघता येत नाही, बसता येतं. हे चालतं देऊळ आहे आणि प्रार्थनेला पैसे घेत नाहीत. बहुतेक कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता 'ईव्हनसाँग' म्हणजे गायलेली सांजप्रार्थना असते. पाऊणएक तास. गाणारी मुलं अ‍ॅबीच्याच निवासी शाळेतली. शब्द कळले नाहीत तरी चालतं. संध्याकाळचा उजेड वरच्या काचांतून ओसरत असतो आणि मुलांचा आवाज छताला लागून क्षणभर उशिरा खाली येतो, तो कळायला भाषा लागत नाही. पण प्रार्थना संपली की नम्रपणे बाहेर काढतात. "जरा ती समाधी बघून येतो" हे चालत नाही.

माझं मत विचाराल तर तिकीट काढून दुपारी बघा आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी ईव्हनसाँगला या. एकातून दुसरं मिळत नाही.

चपला काढायच्या का? कपड्यांचं काही बंधन?

चपला काढायच्या नाहीत. फरशी गारठलेली असते, काढायच्या म्हणाल तरी काढवणार नाहीत. पुरुषांनी टोपी काढावी अशी अपेक्षा असते, धर्मासाठी डोकं झाकलेलं असेल तर प्रश्न नाही. साडी, धोतर, जीन्स, सगळं चालतं. स्वेटर मात्र जुलैतही जवळ ठेवा.

फरशीवर सगळीकडे नावं कोरलेली दिसतात. त्या थडग्यांवरून चालायचं?

हा प्रश्न आपल्याच माणसांना पडतो, आणि पडायलाच हवा. माझी आई पहिल्या खेपेला कडेकडेने, दगडांच्या सांध्यांवर पाय ठेवत चालत होती. दहा मिनिटांत ती थकली, कारण सांधे सोडून जागाच नाही. इथे ३,३०० हून जास्त माणसं एकतर पुरलेली आहेत किंवा त्यांच्या नावाचा दगड आहे. त्यांच्यावरून चालावंच लागतं, आणि इथल्या लोकांना त्यात अपमान वाटत नाही. शेकडो वर्षांच्या पावलांनी कित्येक नावं पुसून गेली आहेत. दगड आरशासारखा गुळगुळीत आणि त्यावर एखाद्याच अक्षराची वेलांटी उरलेली, असं जागोजागी दिसेल.

एकाच दगडावर मात्र कोणीही पाय ठेवत नाही. पश्चिम दरवाजातून आत आलं की समोरच काळा संगमरवर आहे, भोवती लाल पॉपीच्या फुलांची चौकट. तिथे पहिल्या महायुद्धातला एक अनामिक सैनिक आहे. ११ नोव्हेंबर १९२० ला त्याला फ्रान्समधून आणलेल्या मातीत पुरलं, वरचा दगड बेल्जियमचा. तो कोण हे कोणालाच ठाऊक नाही, हाच त्यामागचा हेतू. लग्नाची वा राज्याभिषेकाची मिरवणूकसुद्धा त्या दगडाला वळसा घालून जाते. १९२३ मध्ये एलिझाबेथ बोज-लायन या नववधूने (दुसऱ्या एलिझाबेथची आई) लग्नाला आत जाताना हातातला गुच्छ तिथे ठेवला. तिचा भाऊ १९१५ मध्ये लढाईत गेला होता. तेव्हापासून राजघराण्यातल्या नवऱ्या आपला गुच्छ लग्नानंतर तिथे पाठवतात.

घरी येऊन अंघोळ करावी का?

ते तुमच्या आईला विचारा. माझी आई दोन दिवस करत होती, तिसऱ्या खेपेला म्हणाली, "राजांच्या समाध्या आहेत, रायगडावर जाऊन आल्यावर आपण कुठे अंघोळ करतो?" तेव्हापासून आमच्या घरात तो विषय संपला.

राजा-राण्यांपैकी कोण कोण इथे आहे?

सुमारे ३० राजे-राण्या. सगळ्यांची नावं वाचत बसू नका, दोन-तीनच नीट बघा.

पूर्वेच्या टोकाला सातव्या हेन्रीचं लेडी चॅपल आहे, म्हणजे चर्चच्या आतलंच एक छोटं देऊळ. त्याचं छत बघितल्याशिवाय परतू नका. दगड पंख्यासारखा उलगडत गेलाय आणि त्यातून झुंबरासारखे दगडी लोलक खाली लोंबताहेत. हे पेलतंय कशावर, असं वाटत राहतं. त्याच्या एका बाजूच्या गल्लीत पहिली एलिझाबेथ आहे. वर संगमरवरी मूर्ती तिची एकटीची, पण खाली तिच्या आधीची राणी, सावत्र बहीण मेरीही आहे. एक प्रॉटेस्टंट, दुसरी कट्टर कॅथलिक. मेरीने एलिझाबेथला तुरुंगात टाकलं होतं. सिंहासन आणि थडगं दोन्हींत आम्ही भागीदार, अशा अर्थाच्या लॅटिन ओळी तिथे कोरल्या आहेत. आणि समोरच्या गल्लीत कोण? एलिझाबेथच्या हुकुमाने जिचं डोकं उडवलं ती स्कॉटलंडची राणी मेरी. तिचा मुलगा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आल्यावर त्याने आईला १६१२ मध्ये इथे आणलं. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही.

जॉर्ज दुसरा (१७६०) हा इथे पुरलेला शेवटचा राजा. दुसऱ्या एलिझाबेथचे अंत्यसंस्कार १९ सप्टेंबर २०२२ ला इथे झाले, पण दफन विंडसरला. तिची समाधी इथे शोधत फिरू नका.

राज्याभिषेकाची ती खुर्ची बघायला मिळते का?

मिळते, काचेपलीकडे. सोन्याची झळाळती काहीतरी असेल अशी कल्पना करून जाल तर निराश व्हाल. ओकच्या लाकडाची, सुमारे १३०० सालची उंच पाठीची खुर्ची. एकेकाळी तिच्यावर सोन्याचा मुलामा आणि चित्रं होती, आता लाकूड उघडं पडलंय. आणि जवळून बघितलं तर अंगभर नावं कोरलेली. सिंहगडावर 'अमुक लव्ह्स तमुक' लिहिलेलं पाहून आपण हळहळतो ना, तसंच. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेजारच्या शाळेतली पोरं आणि येणारे-जाणारे चाकूने नावं कोरत असत. पी. अ‍ॅबट नावाच्या एका पोराने तर ५-६ जुलै १८०० ला आपण या खुर्चीत झोपलो असं बसायच्या फळीवर कोरून ठेवलंय. ती पुसून टाकलेली नाहीत, आणि २०२३ मध्ये चार्ल्स त्याच खुर्चीत बसले.

बैठकीखाली रिकामी जागा दिसेल. स्कॉटलंडच्या राजांचा अभिषेक ज्या शिळेवर होई ती पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये लुटून आणली आणि ती बसवायलाच ही खुर्ची करवून घेतली. १९५० च्या नाताळात चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी ती पळवली, काही महिन्यांनी ती परत आली. शेवटी १९९६ मध्ये सरकारनेच ती स्कॉटलंडला परत दिली. अभिषेकापुरती उसनी आणतात.

मग कोहिनूर कुठे आहे?

इथे नाही. टॉवर ऑफ लंडनमध्ये, त्याच एलिझाबेथ बोज-लायनच्या १९३७ च्या मुकुटात. २००२ मध्ये तिच्या अंत्ययात्रेला तो मुकुट शवपेटीवर ठेवून या चर्चमध्ये आणला होता. २०२३ च्या अभिषेकात राणी कॅमिलांनी दुसरा मुकुट वापरला, कोहिनूर नसलेला. परत कधी देणार हा प्रश्न इथल्या सेवकांना विचारू नका, त्यांचा पगार तेवढा नाही.

आपल्याकडचं इथे काही आहे का?

आहे, आणि बरंच आहे, पण त्यासाठी वर नाही, खाली बघावं लागतं. वर बघून लोक "वा" म्हणतात आणि पुढे जातात. मी पाहुण्यांना मुख्य दालनात थांबवतो आणि फरशी वाचायला लावतो.

पहिला दगड जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, वर पितळी पत्रा आहे. हा अ‍ॅबीचा वास्तुतज्ज्ञ होता, १८४९ पासून मरेपर्यंत. मुंबईच्या फोर्टमध्ये उभा असलेला राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह याच माणसाच्या आराखड्याचं. मुंबईत त्याने पाऊलही टाकलं नाही, सगळं कागदावर पाठवलं. टॉवर पूर्ण झाला १८७८ मध्ये आणि त्याच वर्षी स्कॉट वारला. ओव्हल मैदानावरून दिसणाऱ्या टोकदार कमानी आणि इथल्या कमानी नात्यातल्या वाटतात त्या म्हणूनच.

दुसरा जेम्स औट्रम. १८५७ मध्ये लखनऊला लढलेला सेनापती. त्याआधी, तरुणपणी, तो आपल्या खानदेशात होता. १८२५ च्या सुमारास धरणगावात भिल्लांचं पलटण त्याने उभारलं. स्मारकावर लखनऊचा प्रसंग कोरलाय, खानदेश नाही. १८५७ कडे बघण्याची त्यांची बाजू आणि आपली बाजू वेगळी. तिथे उभं राहून दोन्ही आठवाव्यात, एवढंच मी सांगतो.

तिसरा, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा, दालनाच्या मधोमध: आफ्रिकेत फिरलेला डेव्हिड लिव्हिंग्स्टन. दगडावर लिहिलंय की निष्ठावंत हातांनी त्याला जमिनीवरून आणि समुद्रावरून इथे आणलं. हे हात कोणाचे? लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला. त्याच्या आफ्रिकी साथीदारांनी त्याचं काळीज तिथल्या झाडाखाली पुरलं, देह वाळवून गुंडाळला आणि कित्येक महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यावर आणला. त्यातला एक जेकब वेनराइट. लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेलेला, ब्रिटिश आरमाराने सोडवलेला, आणि शिकलेला कुठे, तर नाशिकला, शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात! झाडावर लिव्हिंग्स्टनचं नाव कोरलं ते त्यानेच. देहाबरोबर जहाजाने तो इंग्लंडला आला आणि १८ एप्रिल १८७४ ला याच दालनात शवपेटीच्या मानकऱ्यांत चालला. चुमा नावाचा दुसरा सोबती मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत काही काळ होता. तो आणि सुसी हा आणखी एक साथीदार अंत्यविधीला वेळेत पोचू शकले नाहीत.

आम्ही मूळचे नाशिकचे. शरणपूर रोडवरून रोज सायकलने शाळेत जायचो, आणि ही गोष्ट मला लंडनमध्ये एका दगडापाशी कळली.

कवींच्या कोपऱ्यात रडयर्ड किपलिंगच्या अस्थी आहेत. जन्म मुंबईचा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला, १८६५ चा. शेक्सपिअरचा पुतळाही तिथेच आहे पण देह त्याच्या गावी. पुतळा आहे म्हणजे माणूस खाली आहे असं धरून चालू नका.

न्यूटन कुठे?

मुख्य दालनाच्या पुढच्या टोकाला, मोठं स्मारक आहे. जवळच डार्विन, आणि २०१८ पासून या दोघांच्या मध्ये स्टीफन हॉकिंग. बारावीची मुलं बरोबर असतील तर इथे फोटो होणारच.

वेदीसमोरच्या त्या रंगीत फरशीचं काय एवढं?

१२६८ ची आहे, रोमहून आलेल्या कारागिरांनी रंगीत दगड-काचेचे तुकडे बसवून केलेली. भोवती लिहिलेल्या कोड्यात जगाचं आयुष्य सांगितलंय: कुंपण ३ वर्षं टिकतं, त्याच्या तिप्पट कुत्रा, त्याच्या तिप्पट घोडा, मग माणूस, असं तिप्पट करत गेलं की शेवटी १९,६८३ वर्षं. आपल्या युगांच्या हिशेबापुढे फारच थोडी, असं माझे सासरे म्हणाले. दीडशेएक वर्षं ही फरशी गालिच्याखाली झाकून होती.

डायनाचं लग्न इथेच झालं ना?

नाही. ते १९८१ मध्ये सेंट पॉल्सला. इथे १९९७ मध्ये तिचा अंत्यविधी झाला. विल्यम आणि केटचं लग्न (२०११) मात्र इथलं.

किती वेळ लागतो? आईबाबांना गुडघ्यांचा त्रास आहे.

अडीच तास धरा. मुख्य दालन आणि मठाच्या पडव्या सपाट आहेत, राजांच्या चॅपल्सकडे पायऱ्या आहेत. बसायला खुर्च्या जागोजागी आहेत. वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयाला वेगळं तिकीट लागतं, पण लिफ्ट आहे आणि तिथून खाली सगळं चर्च एका नजरेत दिसतं. गुडघेवाल्यांनी आधी तिथे जावं, दमल्यावर नाही. मोठ्या बॅगा आत घेत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. विमानतळावरून थेट येऊ नका.

फोटो काढू देतात?

स्वतःपुरते, फ्लॅश न लावता, बहुतेक ठिकाणी. प्रार्थना चालू असताना नाही. तासातासाला लाउडस्पीकरवरून दोन मिनिटं थांबून प्रार्थना करायला सांगतात, तेव्हा मोबाइल खाली ठेवा.

प्रार्थनेत लोक रांगेत जाऊन काहीतरी खातात. आपण जायचं का?

तो प्रसाद नव्हे, कम्युनियन आहे, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. तुम्ही जागेवर बसून राहिलात तर कोणी काही म्हणत नाही. पुढे जावंसं वाटलंच तर हात छातीवर दुमडून उभे राहा, धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात.

घरून आणलेला डबा कुठे खायचा?

आत नाही. साधूंच्या जुन्या कोठारात उपाहारगृह आहे, छान आहे, महाग आहे. आम्ही दहा मिनिटं चालत सेंट जेम्स पार्कला जातो. तळ्याकाठी बाक मिळतात आणि पेलिकन दिसतात. दशम्या-चटणी काढली की ते रोखून बघतात. घालू मात्र नका, तशी पाटी लावलेली आहे.